नेसण्याचा वारसा : मराठी स्त्रीलेखनातील मायलेकी आणि लुगडे

विषयप्रवेश

वस्त्र अंगावर घेण्यासाठी मराठीत एकच क्रियापद नाही. चोळी घालतात, शाल पांघरतात, दागिना लेतात, फेटा बांधतात. लुगडे मात्र नेसतात. शिवलेल्या कपड्याचा आकार शिंप्याने आधीच ठरवून टाकलेला असतो. न शिवलेल्या लुगड्याला आकार येतो तो नेसणारीच्या हातांनी, आणि त्या हातांना ते कोणीतरी कधीतरी शिकवलेले असते. ‘नेसणे’ या क्रियापदाचे ‘नेसवणे’ हे प्रयोजक रूप या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. आई मुलीला नेसवते, घरातल्या मोठ्या बायका नवरीला नेसवतात, नवरात्रात देवीला नेसवतात. प्रत्येक ठिकाणी एक शरीर दुसऱ्या शरीराला घडी, निरी, ओचा आणि पदर यांची शिस्त देत असते.

साहित्यातील मायलेकींच्या नात्याचा वस्त्राच्या अंगाने विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘आईने लेकीला साडी दिली’ आणि ‘आईने लेकीला साडी नेसायला शिकवले’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यात एक वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दुसऱ्यात एक रीत जाते, आणि रीत म्हटली की तिच्यामागे घराणे, जात, वैवाहिक स्थिती, गाव हे सारे ओघाने येतेच. मराठी समीक्षेने पहिल्या विधानाकडे भरपूर लक्ष दिले आहे. आईची साडी म्हणजे माया, ऊब, आठवण हे समीकरण इतके रूढ झाले आहे की वर्गात ते सिद्ध करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. दुसऱ्या विधानाची चिकित्सा त्या मानाने फारच थोडी झाली.

प्रस्तुत लेखात शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता, जात्यावरच्या ओव्या, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) यांच्या आधारे या दुसऱ्या विधानाचा मागोवा घेतला आहे. जपून ठेवलेल्या वस्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, टाकून दिलेल्या नेसण्याने मराठीतील मायलेकींना बांधलेले आहे, असे या वाचनातून दिसते.

पदर : मुलाचा आणि मुलीचा

मराठी साहित्यातील आईची प्रतिमा प्रामुख्याने मुलग्यांनी घडवली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. अशा लेखनात आईचा पदर हा आडोसा असतो. त्याने डोळे पुसले जातात, त्याच्याआड लपता येते. मुकुलिका बॅनर्जी आणि डॅनियल मिलर यांनी ‘द सारी’ (२००३) या अभ्यासग्रंथात मुलाच्या आईच्या पदराशी असलेल्या स्पर्शनात्याची दखल घेतली आहे, आणि ती रास्तच आहे. तथापि मुलगा मोठा झाला की त्या पदराबाहेर पडतो. मुलीला एके दिवशी तो पदर स्वतःच्याच खांद्यावर घ्यावा लागतो. मुलगी वयात आली हे सांगण्यासाठी जुन्या मराठीत ‘तिला पदर आला’ असेच म्हणत. आडोसा असलेली वस्तू त्या दिवसापासून तिची जबाबदारी होते. ‘पदरी पडले, पवित्र झाले’ या म्हणीतही पदर स्वीकाराचाच आहे, निवडीचा नाही.

म्हणूनच आईच्या पदराविषयी मुलाने लिहिणे आणि मुलीने लिहिणे यांत भाववृत्तीचा फरक पडतो. मुलाच्या लेखनात स्मरणरंजनाला वाव असतो. मुलीच्या लेखनात, ती प्रामाणिक असेल तर, एक हिशेब असतो. हा फरक आपल्या अध्यापनात फारसा येत नाही. दरवर्षी पारंपरिक वेशभूषा दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयांच्या आवारात आईच्या कपाटातल्या पैठण्या आणि आजीच्या नऊवाऱ्या अवतरतात. त्या दिवशी मुली खरोखर आनंदी असतात, आणि त्या आनंदाची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील बऱ्याच नऊवाऱ्या आता शिवून मिळतात, विजारीसारख्या चढवल्या जातात. नेसवणाऱ्या आईची तिथे गरज उरत नाही. वस्तू आली आणि रीत गळाली, हे त्या शिवलेल्या नऊवारीत स्पष्ट दिसते. रीत गळणे ही हानी की सुटका, या प्रश्नाचे उत्तर कोणाची आजी कशी नेसत होती यावर अवलंबून आहे.

‘पैठणी’ : छातीशी धरलेले वस्त्र

शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता महाराष्ट्रातील कित्येक वाचकांना पाठ आहे. फडताळातल्या एका गाठोड्यात, जुन्या बाळकपड्यांच्या आणि शालींच्या तळाशी आजीची पैठणी घडी घालून ठेवलेली आहे. तिच्या पोतातून, रंगातून, सुगंधातून आजीचे आयुष्य उलगडत जाते. अखेरीस निवेदिका त्या पैठणीच्या स्पर्शातून आजीला भेटते आणि आपली खुशाली तिच्यापाशी पोचवते. एवढ्या थोड्या अवकाशात एक संपूर्ण स्त्रीजीवन उभे करणारी ही कविता आहे, आणि तिची लोकप्रियता सर्वथा सार्थ आहे.

तिचे नेहमीचे वाचन मात्र तिच्यावर अन्याय करते. ‘नात्यातील हळवेपण’ या एका शब्दबंधात तिला गुंडाळून ठेवले की तिच्यातील तीन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट अशी की या कवितेत आई नाही. आजी आहे, नात आहे. मधली स्त्री नाही. पैठणी हृदयाशी धरताच मधला काळ नाहीसा होतो असे कविता सांगते, आणि त्या काळाबरोबर मधली पिढीही नाहीशी होते. पैठणी नातीच्या फडताळात पोचली ती कोणाच्या तरी हातातून गेली असणार. ती कोणी सांभाळली, उन्हे कोणी दाखवली, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या पाटीत ती पडू कोणी दिली नाही, याविषयी कविता गप्प आहे. आजीचे आयुष्य पूर्ण झालेले असते, त्यामुळे तिच्याविषयी हळवे होता येते. आई अजून अपुरी असते. तिच्याशी तंटा असतो. मायलेकींच्या नात्यातील ताण टाळून वस्त्राचे काव्य साधायचे तर एक पिढी ओलांडावी लागते, हे या रचनेतून सूचित होते. कवयित्रीने ते जाणीवपूर्वक योजले असेल वा नसेल. कवितेच्या बांधणीत ते आहे.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. आजी ती पैठणी लग्नात नेसली होती. नात ती नेसत नाही. ती उराशी धरते. आजीच्या लग्नातली पैठणी नऊवारी असणार आणि नातीची पिढी गोल पातळाची, म्हणजे पाचवारी-सहावारीची. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते काष्टा घालून अंगावर चापून बसवण्याचे कसब या दोन पिढ्यांच्या दरम्यान शहरी मध्यमवर्गातून बरेचसे हरवले. वस्त्र उरले, नेसणे उरले नाही. म्हणूनच ते आता नुसते मऊ लागते. अंगावर असताना त्याचे वजन काय होते, हे आजीलाच ठाऊक.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कविता त्या वजनाकडे दुर्लक्ष करीत नाही. नवरी असलेली आजी हाच पदर हाती धरून साऱ्यांच्या पाया पडली होती, ही नोंद कवितेत आहे. आजीला अहेवपणी मरण आले, हेही कवितेत आहे. या दुसऱ्या नोंदीवर वाचकाने थांबायला हवे. पैठणी अखेरपर्यंत आजीची राहिली, तिच्याभोवती गंध आणि फुले राहिली, ती पती हयात असताना आजी गेली म्हणून. क्रम उलटा झाला असता तर ती पैठणी त्याच दिवशी तिच्यापुरती संपली असती. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीच्या अखेरीस यमूवर लादलेले केशवपन आठवावे. ब्राह्मण समाजातील सोवळ्या विधवेला लाल आलवण नेसावे लागे. लुगड्याच्या घड्या आई लेकीला हौसेने शिकवते. आलवण कोणी हौसेने शिकवत नाही. विधवा झालेल्या आईला पोटच्या मुलीची ओटी भरण्याचा अधिकारही रूढीने नाकारला. मायलेकींच्या मधोमध खणाचा तुकडा आणि तांदूळ-नारळ आहे, आणि आईने हात मागे घ्यायचा आहे, हे चित्र मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. अशा ठरावाची आवश्यकता एकविसाव्या शतकातही भासली, यावरून ‘पैठणी’तील त्या एका उल्लेखाचे वजन ओळखावे.

तेव्हा ‘पैठणी’ ही निर्भेळ सुखाची कविता नाही. सुखाला लागलेली अट तिने नम्रपणे नोंदवलेली आहे. आपण ती अट वगळून वाचतो.

येथे एक अवांतर. २००४ साली सुरू होऊन जवळपास दोन दशके चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने पैठणीला बक्षिसाचे रूप दिले. येवल्या-पैठणच्या मागावरून येणारे हे महावस्त्र आईच्या किंवा सासूच्या गाठोड्यातून न येता बाहेरून, खेळ जिंकल्याबद्दल मिळू लागले. त्याला हिणवण्यात अर्थ नाही. ज्या घरांत पैठणीचे गाठोडे कधीच नव्हते त्या घरांतही ती यामुळे पोचली. मात्र वारशाची म्हणून ज्या वस्तूचे काव्य आपण गातो, ती वस्तू बहुसंख्य मराठी घरांत वारशाने आलेलीच नव्हती, हेही त्या कार्यक्रमाच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

ओवीतील चोळी आणि हक्कसोड

बहुसंख्य घरांत काय होते, हे ओवी सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या एक लाखांहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओव्यांत लुगड्या-चोळीचे उल्लेख विपुल आहेत. परंतु त्यांत वस्त्र देणारा बहुतेक वेळा भाऊ असतो. चोळीचा खण भाऊ घेतो, लुगड्याचा काठ भाऊ पारखतो, भाऊबीजेला ओवाळणीत भाऊ घालतो. आई असते ती माहेर या शब्दाच्या पोटात. ती गेली की भावजयीला चोळीचा खण जड होतो, ही तक्रारही ओवीत पुन्हापुन्हा येते. याचा अर्थ असा की आई ही देणारी नसून देणे शक्य करणारी आहे. तिच्या असण्यावर ती चोळी अवलंबून आहे, पण चोळी तिच्या नावावर नाही.

याचे कारण भावनिक कमी आणि आर्थिक अधिक आहे. ज्या स्त्रीच्या नावावर काहीच नाही ती लेकीला देणार काय? एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्माने वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केली. त्यानंतरही बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल थांबलेली नाही, आणि त्या सहीच्या बदल्यात ‘साडीचोळी’ करण्याची पद्धतही ग्रामीण महाराष्ट्राला परिचित आहे. माहेरची साडी हा शब्दप्रयोग हळव्या अर्थाने वापरताना त्या साडीने कधीकधी शेताची किंमत चुकती केलेली असते, हे विसरून चालणार नाही. अशा सहीच्या वेळी आई सहसा लेकीच्या बाजूने बोलत नाही. म्हातारपणी तिला मुलाकडे राहायचे असते.

आई स्वतःच्या हाताने लेकीला जे देऊ शकत होती ते निराळे होते. जुने, विटलेले, मऊ पडलेले लुगडे बाळंतपणात दुपट्यांसाठी येई, गोधडीच्या थरांत जाई. मधोमध विरलेले लुगडे कापून धड भाग जोडून घेण्याला ‘दंड घालणे’ म्हणत. कधी दोन वेगवेगळ्या जीर्ण लुगड्यांचे धड तुकडे असे एकत्र येत, आणि एकाच वस्त्राला दोन रंगांचे काठ दिसत. वारसा म्हणून गोधडी आणि दंडाचे लुगडे पैठणीहून अधिक खरे आहेत, कारण त्यांत आईने काही राखून ठेवलेले नसते. वापरून झालेले पुन्हा वापरात आणलेले असते. मराठी कवितेत गोधडी आली आहे, नाही असे नाही. दंडाच्या लुगड्याची मात्र अद्याप उपेक्षाच झाली आहे.

लपवलेला काठ

लुगड्याचे मोल त्याच्या अंगात नसते, काठापदरात असते. ते पाहूनच लुगडे इरकली की महेश्वरी, साधे की जरीचे हे ओळखू येते, आणि नेसणारीची ऐपतही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधील एक नोंद या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. महार स्त्रियांनी लुगडे नेसताना त्याचा काठ निऱ्यांच्या आत दडवावा, तो दिसता कामा नये, असा गावाचा दंडक होता. काठ दाखवून नेसण्याचा मान उच्चवर्णीय स्त्रियांचा. लुगडे तेच, कदाचित त्याच बाजारातून आणलेले, फरक घडीचा. काठ विकत घेता येत होता, दाखवता येत नव्हता.

या नोंदीचा विचार आजवर बहुतांशी जातिव्यवस्थेच्या अंगाने झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. शर्मिला रेगे यांनी ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’ (२००६) या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना जात आणि लिंगभाव यांच्या संयुक्त साक्षीचा दर्जा दिल्यानंतर या लेखनाकडे केवळ ‘दुःखाची कहाणी’ म्हणून पाहणे अशक्य झाले. असे असले तरी या नोंदीत मायलेकींचाही एक प्रसंग दडलेला आहे. दंडक गावाचा असला तरी तो मुलीच्या अंगावर गावाने येऊन बसवलेला नाही. गाव नेसवायला येत नाही. निरी कशी घालायची, काठ कोठे वळवायचा, हे मुलीला घरातील आई, आजी, थोरली बाई यांपैकीच कोणीतरी शिकवले असले पाहिजे. शिकवणारीने ते ममतेनेच शिकवले असणार. काठ दिसला तर लेकीची विटंबना होईल, मार बसेल, ही भीती त्या शिकवण्यात असणार. म्हणजे लेकीला जपणे आणि लेकीला तिची पायरी दाखवणे या दोन्ही गोष्टी आईच्या एकाच हाताने, एकाच घडीत केल्या.

मराठी साहित्यातील मातृत्वाच्या चर्चेत याहून अवघड प्रसंग क्वचितच सापडेल. ‘आईची माया’ हा शब्द येथे खोटा ठरत नाही; तो असह्य होतो. बेबी कांबळे यांचे मोठेपण असे की त्या ही गोष्ट सांगताना कोणालाही सूट देत नाहीत. त्यांच्या पुस्तकात स्त्रियांनी स्त्रियांचा केलेला छळ आहे, सुनांवर सासवांनी उगवलेला सूड आहे, आणि तरीही त्याच बायकांच्या धीराविषयी अपार आदर आहे. स्त्री-स्त्रीमधील बंधाचे सरसकट गौरवीकरण करणाऱ्या समीक्षेला हे पुस्तक पचणे कठीण जाते, म्हणून तिने त्याला ‘दलित आत्मकथन’ या वेगळ्या दालनात बसवले आणि ‘मायलेकी’ या दालनात ‘पैठणी’ ठेवली. अभ्यासक्रमांतही ही दोन दालने समोरासमोर येत नाहीत. ती आणली तर ‘पैठणी’तील पाया पडणारी नवरी आणि ‘जिणं आमुचं’मधील काठ दडवणारी मुलगी या एकाच व्याकरणाच्या दोन विभक्ती असल्याचे विद्यार्थ्यांना दिसेल. अर्थात दोघींचे दुःख समान होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकीच्या नम्रतेचा सोहळा झाला. दुसरीच्या नम्रतेवर पहारा होता.

महाड, डिसेंबर १९२७

हे व्याकरण मोडले गेल्याची एक निश्चित तारीख मराठी समाजाजवळ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळ्या-हातांतले जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असावे, मुलींनाही शाळेत घाला, हेही त्यात होते. भाषणानंतर स्त्रियांनी आपले नेसणे बदलले. परिषदेत सहभागी असलेल्या कायस्थ कार्यकर्त्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नवी पद्धत शिकवण्यास साह्य केले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची ही बाजू कागदपत्रांतून आणि प्रत्यक्ष मुलाखतींतून पुढे आणली नसती, तर ती पुरुष कार्यकर्त्यांच्या चरित्रांतील एखाद्या ओळीपुरतीच राहिली असती.

या घटनेत वारशाचा क्रम बदलतो. आई शिकवते आणि लेक शिकते हा क्रम घरोघर चालत आलेला. महाडच्या सभेतील प्रौढ बायकांना मात्र स्वतःच नव्याने शिकावे लागले. आईकडून आलेली रीत टाकून, परक्या बाईकडून नवी रीत घेऊन, मग ती लेकीला द्यायची. मातृपरंपरेशी असा विच्छेद करणाऱ्या या बायकांच्या वर्तनाला ‘मायलेकींचा बंध’ म्हणता येईल काय, असा आक्षेप कोणी घेईल. येथे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. लेकीचा काठ दिसावा म्हणून आपल्या आईची निरी मोडणे, हा मागच्या आईशी द्रोह असेल; पुढच्या लेकीशी तो बंधच आहे. शिवाय मागच्या आईलाही ती निरी प्रिय होती, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसणे म्हणजे अनुकरण नव्हे काय? गुडघ्यालगत खोचलेले, चिखलात-शेतात चालताना आड न येणारे कष्टकरी स्त्रीचे नेसणे सोडून घोट्यापर्यंतचे नेसणे घेण्यात प्रगती कोणती? या आक्षेपात तथ्य आहे. कष्टाला सोयीचे असे एक कसब त्या बदलात मागे पडले, आणि ते अनेक जातींतील श्रमिक बायकांचे सामाईक कसब होते. परंतु भाषणाचा रोख सौंदर्यावर वा प्रतिष्ठेवर नव्हता, ओळखखुणेवर होता. लांबून दिसताच जात सांगणारे नेसणे घालवायचे होते. खूण पुसण्यासाठी सर्वसाधारण वेष घेतला जातो तेव्हा त्याला केवळ अनुकरण म्हणणे अपुरे ठरते. एम्मा टार्लो यांनी ‘क्लोदिंग मॅटर्स’ (१९९६) मध्ये ‘काय घालावे’ हा प्रश्न भारतीय समाजात सत्तेचा प्रश्न कसा होतो याचे विवेचन केले आहे. महाडच्या बायकांसाठी तो ‘कसे नेसावे’ असा होता, आणि तो त्यांनी एका दिवसात सोडवला.

पांढरी साडी आणि बांबूची विणकर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या वेळी जनसमुदाय शुभ्र वस्त्रांत आला. त्यानंतर आंबेडकरी बौद्ध घरांत पांढरी साडी मंगल झाली. बौद्ध विवाहात वधू ती नेसते. जेथे सवाष्णीचे हिरवे, नवरीचे पिवळे आणि सोवळ्या विधवेचे लाल असा रंगांचा काटेकोर पाढा होता, तेथे या एका रंगाने काय केले हे लक्षात घेण्यासारखे आहे. दीक्षाभूमीवर कुमारिका, विवाहित लेक, विधवा आई आणि म्हातारी आजी सारख्याच पांढऱ्या साडीत उभ्या राहू शकतात. कोणाचा नवरा हयात आहे हे वस्त्रावरून कळत नाही. शांता शेळके यांच्या कवितेतील आजीच्या पैठणीला जी अट होती, ती या साडीला नाही. ही परंपरा आज जेमतेम सात दशकांची आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या पिढीतील मुली ती आईकडून घेत आहेत, तेव्हा ‘पारंपरिक वस्त्र’ या संज्ञेतून तिला वगळण्याचे कारण उरत नाही. महाविद्यालयातील पारंपरिक वेशभूषा दिनी एखादी विद्यार्थिनी पांढरी साडी नेसून आली, तर किती जणांना ती ‘पारंपरिक’ वाटेल, हे ज्याने त्याने आपल्या आवारात पाहावे.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये या विषयाला आणखी एक वळण मिळते. रत्नागिरीजवळच्या गावी त्यांची आई बांबूच्या पट्ट्यांची आयदाने, म्हणजे सुपे, टोपल्या, रोवळ्या, विणून विकत असे. आईच्या विणण्यात आणि स्वतःच्या लिहिण्यात लेखिकेला एकच वीण दिसते, आणि पुस्तकाचे नावही तिने त्या विणण्यावरून ठेवले. येथे वस्त्र नाही, रेशीम नाही, फडताळही नाही. विकण्यासाठी विणलेली टोपली घरात राहत नाही; ती बाजाराच्या दिवशी जाते आणि तिच्या जागी मीठ-मिरची येते. अशा आईकडून लेकीला वस्तू मिळण्याची शक्यताच नव्हती. मिळाले ते सतत चालणारे हात पाहणे. आई विणताना लेकीने जे पाहिले त्यात मायेचे शब्द थोडे आहेत आणि कष्टाचा आवाज पुष्कळ आहे. पट्टी उभी-आडवी घालण्याची ती हालचाल लेकीने पुढे वाक्यांत वापरली. आईने तिला ती शिकवली नव्हती. शिकवायला तिला सवड नव्हती, आणि मुलीने टोपल्याच विणाव्यात अशी तिची इच्छाही नव्हती.